बाळ घाटावर, बाळंतीण कोकणात: सिझरनंतरचे दिवस कसे काढावेत

माझं सिझर झालं तेव्हा जुलै महिना होता आणि बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. कळा सुरू होऊन वीस तास उलटले होते. बाळाने पोटातच शी केली, ठोके उतरायला लागले आणि रात्री सव्वाअकराला मला घाईने आत घेतलं. बाळ रडलं नाही. पहाटे फोंडाघाट चढून त्याला कोल्हापूरला नेलं तेव्हा मी कमरेखाली बधीर होते. लेकाचं तोंड पहिल्यांदा पाहिलं ते नवऱ्याच्या मोबाइलवर: काचेच्या पेटीत, नाकात नळी, पायाला चिकटपट्टी. तो माझ्या हातात आला अकराव्या दिवशी.

आपल्याकडे असं पुष्कळ जणींचं होतं. ओरोसला आणि रत्नागिरीला जिल्हा रुग्णालयात आजारी नवजात बाळांचा कक्ष आहे. पण बाळाची तब्येत जास्तच बिघडली की कोल्हापूर, गोव्यातलं बांबोळी, नाहीतर मुंबई गाठावी लागते. आई टाके घेऊन इथेच राहते. आता आमच्या पंचक्रोशीत कुणावर ही वेळ आली की तिला माझा नंबर देतात. फोनवर जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, औषधपाण्याचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. एक गोष्ट मात्र प्रत्येकीला आधी सांगते: बाळाइतक्याच तुम्हीही पेशंट आहात. सगळं घर बाळाच्या मागे धावतं आणि बाळंतीणसुद्धा स्वतःला विसरते. बाळापाशी लवकर पोचायचं असेल तर तुमचं अंग धड असायला हवं.

१. गाडी सुटण्याआधी

शुद्धीवर असाल तर बाळ दाखवायला सांगा. पेटीतून, दारातून, अर्धा मिनिट का होईना. "आता वेळ नाही" असं उत्तर आलं तर जी व्यक्ती बाळासोबत जाते आहे तिला फोटो काढायला सांगा. हातापायावरच्या पट्टीवर आईचं नाव नीट लिहिलंय का, तेही तिनेच पाहावं.

बाळासोबत कोण आणि बाळंतिणीपाशी कोण, हे तिथल्या तिथे ठरवून टाका. आमच्याकडे नवरा आणि दीर दोघेही गाडीत बसले आणि मी सकाळपर्यंत एकटी होते. ठणका लागला तेव्हा बेल हाताला लागेना. तुमच्या घरी हे होऊ देऊ नका. बाळापाशी एक, आईपाशी एक.

गाडीसाठी १०८ किंवा १०२ ला फोन करतात. सरकारी दवाखान्यात बाळंत झालात तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, म्हणजे २०११ पासून, सिझर, औषधं, रक्त, तपासण्या, सिझरनंतर ७ दिवसांपर्यंतचं जेवण, दुसऱ्या दवाखान्यात नेणारी गाडी आणि घरी सोडणं, हे सगळं मोफत आहे. आजारी नवजात बाळालाही ते लागू आहे. पैसे मागितले तर हे नाव घेऊन विचारा.

बाळासोबत रेफर चिठ्ठी जाते, तिचा फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा. आईच्या रक्ताचा नमुना बरोबर द्यायचा का, हेही विचारा. बाळाला रक्त चढवायची वेळ आली तर तिकडे तो लागू शकतो.

आणि आता एक गोष्ट, जी अशा गडबडीत हमखास राहून जाते. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल आणि बाळाचा पॉझिटिव्ह, तर तुम्हाला अँटी-डीचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत मिळायला हवं. पुढच्या गरोदरपणातल्या बाळाच्या जिवाशी त्याचा संबंध आहे. एरवी बाळ शेजारीच असतं, रक्तगट लगेच कळतो. बाळ शंभर किलोमीटरवर असलं की त्याचा रिपोर्ट तिकडच्या फायलीत राहतो आणि इकडच्या सिस्टरला पत्ताच नसतो. निगेटिव्ह असाल तर बाळाबरोबरच्या माणसाला पहिलं काम हेच सांगा: रक्तगट विचारून मला फोन कर.

"मलाही त्याच दवाखान्यात हलवता येईल का?" हा प्रश्न पहिल्याच राउंडला विचारा आणि रोज विचारत राहा. पहिल्या दिवशी बहुतेक वेळा नाहीच म्हणतात आणि त्याला कारण असतं, रक्तस्राव आणि बीपी याच काळात जास्त दगा देतात. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तब्येत बरी असेल तर काही ठिकाणी हलवतात. न विचारणारीला कुणी आपणहून हलवत नाही.

२. वाटी, चमचा आणि चीक

बाळ दूर असताना त्याच्यासाठी तुमच्याच हाताने होणारं काम हे एकच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या दोन-तीन दिवसांचं दूध पिवळसर, चिकट आणि अगदी थोडं असतं. त्याला आपण चीक म्हणतो. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस करून आपण शेजारीपाजारी वाटतो, पण बाईचा चीक अजूनही काही घरांत "घाण दूध" म्हणून पिळून टाकायला लावतात. टाकू नका. संसर्गाशी लढायची ताकद त्यातच सगळ्यात जास्त असते आणि पेटीतल्या बाळाला तीच हवी असते.

सुरुवात लवकर करा. जमलं तर पहिल्या तासा-दोन तासांत, नाहीतर निदान सहा तासांच्या आत. बाळ ओढत नसेल तर शरीराला दूध करायची वर्दी कुणीतरी द्यावी लागते, ती हाताने द्यायची.

हात साबणाने स्वच्छ धुवा. स्टीलची वाटी आणि चमचा दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळून घ्या. पाठीला उशी लावून बसा, बसवत नसेल तर कुशीवर. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं दोन-तीन मिनिटं छातीला लावा. आई किंवा बहीण जवळ असेल तर तिला मणक्याच्या दोन्ही बाजूंनी मुठीने पाठ चोळायला सांगा, त्याने दूध सुटायला मदत होते. मग अंगठा वर आणि पहिलं बोट खाली, बोंडाभोवतीच्या काळ्या भागाच्या किंचित मागे ठेवा. आधी छातीच्या दिशेने आत दाबा, मग दोन्ही बोटं एकमेकांकडे आणा, मग सोडा. दाबा, आणा, सोडा. कातडीवरून बोटं घसरवू नका आणि बोंड चिमटू नका. त्याने दूध येत नाही, नुसतं सोलवटतं. दूध थांबलं की बोटं जरा फिरवून दुसऱ्या बाजूला ठेवा. दोन्ही बाजूंची मिळून वीस ते तीस मिनिटं.

पहिल्या दिवशी येतील ते थेंब. माझ्या बहिणीने पहिल्या सकाळी वाटीच्या तळाशी जमलेलं ते सुई नसलेल्या सिरिंजमध्ये ओढून घेतलं, तर अर्धा मिलीसुद्धा भरलं नाही. मी रडायला लागले. वॉर्डातल्या मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "गो बाय, दूध येतला. वाटी सोडू नको." त्यांचं खरं होतं. पहिल्या दिवशी नवजात बाळाला एका वेळी लागतंच ते पाच-सात मिली, त्यामुळे थेंबांना थेंब म्हणून हिणवू नका.

चोवीस तासांत आठ ते दहा वेळा काढायचं आणि त्यातली एक वेळ रात्री दोन ते चारच्या मधली ठेवायची. दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. मोबाइलला गजर लावा, पण शेजारच्या बाईला सांगून ठेवा. सिझर, त्यातून खूप रक्त गेलेलं, त्यातून बाळ लांब, अशा वेळी दूध उतरायला चौथा-पाचवा दिवस उजाडतो. माझं चौथ्या दिवशी दुपारी उतरलं, जेवताना पदर भिजला तेव्हा कळलं. बाळाचा व्हिडिओ पाहत दूध काढलं तर लवकर सुटतं. हे मनाचे खेळ नाहीत, शरीराचं काम असंच चालतं.

आता हे दूध पोचवायचं कसं? आधी तिकडच्या कक्षात फोन करून विचारा, बाहेरून आणलेलं दूध घेता का आणि कसल्या भांड्यात. काही ठिकाणी फक्त तिथेच काढलेलं घेतात. घेत असतील तर: साध्या हवेत चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि आपल्या एप्रिल-मे महिन्यातल्या उकाड्यात तर त्याहून कमी. फ्रीजमध्ये मागच्या बाजूला ठेवा, दारात नको. आजारी बाळासाठी चोवीस तासांच्या आत वापरलं जाईल असं पाहा. पावसात आपल्याकडे लाइट तासन्‌तास जाते, तेव्हा फ्रीज उघडझाप करू नका. प्रत्येक बाटलीवर तारीख, वेळ आणि आईचं नाव. प्रवासाला थर्माकोलचा नवा डबा, भोवती गोठवलेल्या जेलच्या पिशव्या, झाकणाला चिकटपट्टी. मासळीचा डबा धुऊन वापरू नका, कितीही धुतला तरी. आणि डबा एसटीच्या कंडक्टरकडे देऊन मोकळं होऊ नका. आपल्याकडे जेवणाचे डबे तसे जातात, दूध मात्र घरच्या माणसाच्या मांडीवरूनच जावं.

पोचवणं शक्यच नसेल तरी काढत राहा. तो साठा आज बाळाच्या तोंडात गेला नाही तरी उद्यासाठी पान्हा चालू राहतो. "बाळ नाही तर दूध कशाला, गोळी घेऊन सुकवून टाक" असा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाला नम्रपणे दाराबाहेर पाठवा. सिझरनंतरची नेहमीची औषधं बहुतेक दुधाला चालतात, तरी आपल्या चिठ्ठीतली नावं बाळाच्या डॉक्टरांना वाचून दाखवा.

बाळाला पोटात काहीच देत नसले तरी विचारा, "चिकाचा थेंब गालाच्या आतून लावता येईल का?" काही कक्षांत लावतात. आणि दूध येईपर्यंत दुसऱ्या आईचं पाश्चराइज केलेलं दूध देणार असं म्हणाले तर दचकू नका. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, तेव्हापासून अशा पेढ्यांच्या दुधावर पुष्कळ बाळं वाढली आहेत.

३. खाटेवरून उठणं

सरळ पोटाच्या जोराने उठायचं नाही. एका कुशीवर वळा, गुडघे वाकवा, पाय खाटेखाली सोडा आणि त्याच वेळी कोपर-हाताचा रेटा देऊन बसा. दोन मिनिटं तशाच बसा, मग उभ्या राहा. पहिल्यांदा कुणीतरी जवळ हवंच. खोकला, शिंक, हसू आलं की उशी किंवा घडी घातलेली चादर टाक्यांवर दाबून धरा.

लघवीची नळी साधारण बारा ते चोवीस तासांत काढतात. त्यानंतर पहिल्यांदा लघवी झाली का, जळजळ आहे का, सिस्टरना सांगा. चालायला पहिल्याच दिवशी लावतात. दुष्टपणा वाटतो, पण पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणूनच ते असतं. गॅस सुटेपर्यंत पोट फुगतं, कधी खांद्यापर्यंत कळ जाते. चालणं हाच त्यावर उपाय.

वेदनेची गोळी घड्याळ पाहून घ्या, सहन होईनासं झाल्यावर नको. दुखणं दाबून ठेवलेल्या बाईला ना उठता येतं ना दूध काढता येतं. मी पहिले दोन दिवस "बाळाला तिकडे एवढ्या सुया टोचतायत आणि मी गोळी कशाला मागू" असं म्हणत राहिले. तो वेडेपणा होता. माझ्या दुखण्याने त्याचं काही कमी होत नव्हतं.

बसलं की कपाळ-मान फुटेल असं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, असं असेल तर ते पाठीतल्या इंजेक्शनमुळे असू शकतं. लगेच सांगा, त्यावर उपचार आहे.

पुढचे सहा आठवडे बाळाच्या वजनापेक्षा जड काही उचलायचं नाही. पाण्याची कळशी नाही, तांदळाचं पोतं नाही, विहिरीचा रहाट नाही.

४. या खुणा दिसल्या तर थांबू नका

हा भाग घरातल्या मोठ्या माणसालाही वाचायला द्या, कारण बाळाच्या काळजीत बाळंतीण स्वतःचा ताप अंगावर काढते. तासाभरात पूर्ण पॅड भिजतंय, लिंबाएवढ्या गुठळ्या पडतायत. ताप १००.४ च्या वर. टाके लाल, गरम, पाणी किंवा पू, घाण वास. अंगावरून जाणाऱ्याला दुर्गंधी. एकाच पायाची पोटरी सुजून दुखतेय (ती चोळू तर अजिबात नका), धाप लागतेय, छातीत दुखतंय. डोकं भयंकर दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, बरगडीखाली कळ, झटका. यातलं काहीही झालं तर १०८. बीपीचा त्रास गरोदरपणात नसला तरी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत कधीही उपटू शकतो, म्हणून "आता काय, सुटलीस ना" असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

५. रोजचा एक फोन

पेटीतल्या बाळाची खबर दर तासाला विचारून मिळत नाही आणि दर तासाला विचारणारीची झोप उडते ती वेगळीच. बाळाबरोबरच्या माणसाशी ठरवून घ्या: डॉक्टरांचा राउंड झाला की एक फोन, संध्याकाळी एक फोटो. चार प्रश्न वहीत लिहून ठेवा. श्वास स्वतः घेतोय की मशीनवर? दूध किती मिली, कसं, नळीने की चमच्याने? वजन किती? रक्ताच्या, संसर्गाच्या तपासणीत काय आलं? उत्तर तारखेसकट वहीत. कालच्यापेक्षा आज काय बदललं हे वहीच सांगते, माणसाला आठवत नाही.

शक्य असेल तर तुम्ही स्वतः डॉक्टरांशी एकदा बोला. घरचे लोक चांगल्या मनाने गोष्टी लपवतात. माझ्यापासून झटक्यांची गोष्ट तीन दिवस लपवली होती आणि कळल्यावर मी पुढे कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवेना. आईला खरं सांगा, फक्त तिच्याजवळ बसून सांगा.

जन्माच्या वेळच्या लशी, म्हणजे बीसीजी, पोलिओचा डोस, काविळीची पहिली सुई, गडबडीत राहिल्या का तेही विचारून लिहून ठेवा.

६. पेज, शेक आणि पाचवी

बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत काही घरांत अजून आहे. दूध आणि टाके दोन्हींना पाणी हवं. तहान लागेल तेवढं प्या. उकड्या तांदळाची मऊ पेज, मुगाची आमटी, कुळथाची पिठी, नाचणीची आंबील, लाल माठ, शेवग्याचा पाला, अळिवाची खीर, अंडी, तारली, बांगडा. शौचाला कुंथावं लागू नये हे टाक्यांसाठी महत्त्वाचं, म्हणून पालेभाजी आणि फळ रोज.

आपल्याकडे दुधासाठी मोरी देतात. मी खाल्ली नाही आणि कुणाला सांगतही नाही. मोरी म्हणजे शार्कचीच जात आणि मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, तो दुधातून उतरतो. तारली-बांगडा त्याहून स्वस्त आणि चांगला.

लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस. दोन्ही एकत्र घेऊ नका, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको.

शेगडीचा शेक सिझरनंतर पोटाला नको. टाक्यांभोवतीची कातडी काही महिने बधीर असते, चटका बसला तरी कळत नाही. पाठीला, हातापायांना हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, पोटाला सहा आठवडे हात लावायचा नाही. पोटपट्टा बांधायचा तर सैल आणि टाके कोरडे ठेवून. पावसात कपडे दमट राहतात, तेव्हा आतले कपडे इस्त्री करून घाला. आमच्या सासूबाईंनी पहिल्या दिवसापासून ते केलं आणि माझे टाके एकदाही ओले झाले नाहीत.

पाचवीला बाळ नव्हतं. शेजारणी हळू आवाजात विचारत होत्या, आता सटवाई नशीब लिहायला कुठे जाणार. सासूबाईंनी माझ्या खाटेपाशी पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं, दिवा लावला आणि सांगितलं, "ती घाट चढून जाते." तुमच्या घरी जे करायचं ते करा, पण बाळ नाही म्हणून आईला त्या दिवशी कोपऱ्यात बसवू नका. बारसं बाराव्याच दिवशी झालं पाहिजे असं नाही, बाळ घरी आलं की करता येतं.

भेटायला येणाऱ्यांना उत्तरं द्यायला एक माणूस नेमा. "बाळ दिसलं का गो?" हा प्रश्न दिवसातून दहादा ऐकणं टाक्यांपेक्षा दुखतं.

७. घाट चढताना

डॉक्टरांनी सोडल्याशिवाय निघू नका, आणि सोडताना त्यांना स्पष्ट सांगा की मी घरी नाही, तीन-चार तासांच्या प्रवासाला जाणार आहे. टाके, बीपी, रक्त तपासून मगच निघा. पुढच्या सीटवर, पाठ थोडी मागे. पट्ट्याचा खालचा भाग टाक्यांवर न येता त्याच्याही खाली, मांड्यांच्या वर यावा, मधे मऊ टॉवेल. दर तासाला गाडी थांबवून पाच मिनिटं चाला, बसल्या जागी घोटे फिरवत राहा. पाणी पीत राहा आणि लघवी रोखू नका. वाटेत दूध काढायची वेळ येणार, म्हणून वाटी, बाटली, ओढणी हाताशी.

पावसाळ्यात निघण्याआधी घाट चालू आहे का ते विचारून घ्या. फोंडा, करूळ, आंबोली, आंबा, कुंभार्ली, दरड कुठेही येऊ शकते. कोकण रेल्वे गोव्याला आणि मुंबईला नेते, कोल्हापूरला नाही. जिना चढायला लागू नये अशी राहायची जागा आधीच पाहून ठेवा. मोठ्या सरकारी रुग्णालयात आयांना राहायला खोली असते का, ते पहिल्या फोनलाच विचारा.

८. पेटीपाशी

हात कोपरापर्यंत धुवा, बांगड्या-अंगठ्या काढा, नखं कापलेली असू द्या. पेटीत हात घालायला सांगतील तेव्हा चोळू-थोपटू नका. तळहात नुसता डोक्यावर आणि पायांवर स्थिर ठेवा. लहान जिवांना हलक्या चोळण्यापेक्षा ती ऊब सोसते.

मला वाटलं होतं त्याला पाहून माझा ऊर भरून येईल. तसं झालं नाही. एक लाल, सुजलेलं, अनोळखी मूल होतं आणि माझे पाय लटपटत होते. दोन दिवसांनी त्याने माझं बोट धरलं तेव्हा काहीतरी सुटलं. तुमचंही असं झालं तर घाबरू नका. माया यायला कधी वेळ लागतो.

डॉक्टर हो म्हणाले की कांगारू पद्धत मागून घ्या. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी, आणि आईच्या उघड्या छातीवर उभं, बेडकासारखं, वरून कापड. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली, आणि आता जागतिक आरोग्य संघटना कमी दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांसाठी जन्मापासूनच ती सुचवते. टाक्यांवर बाळाचे पाय येणार नाहीत असं जरा वर घ्या. आई पोचेपर्यंत बापाने, आजीनेही छातीशी धरलं तर चालतं. माझा नवरा सहाव्या दिवशी पहिल्यांदा तसा बसला, आणि तोवर दर फोनला "ठीक आहे" एवढंच बोलणारा तो माणूस त्या दिवशी पाऊण तास बोलत होता.

नळीने, मग चमच्या-बोंडल्याने, मग अंगावर, असा क्रम असतो. अंगावर घेतलं आणि बाळाने पहिल्यांदा नुसतं चाटलं, तरी तो दिवस चांगला. बाटली लावायची घाई करू नका.

९. मनाचं

तिसऱ्या दिवसापासून दहाव्यापर्यंत कशानेही रडू येतं, ते बहुतेकींना येतं आणि ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही रडू थांबत नसेल, बाळ घरी येऊनही झोप लागत नसेल, ऑपरेशनचं टेबल डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा येत असेल, त्या दवाखान्याच्या रस्त्याने जायलाही नको वाटत असेल, तर तो तुमचा कमकुवतपणा नाही, आजार आहे आणि तो बरा होतो. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटलं, भलतंच दिसायला-ऐकू यायला लागलं, तर एक रात्रही थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका गोष्टीचा. सहा आठवड्यांनी मी डॉक्टरांसमोर बसले आणि त्या रात्री काय काय झालं ते पहिल्यापासून विचारलं. मधली दोन तासांची कोरी जागा भरली, तशी रात्रीची स्वप्नं कमी झाली.

१०. कागद

जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथली होते, जिथे पेटीत ठेवलं तिथली नाही, आणि ती २१ दिवसांत करायची असते. खाजगी दवाखान्यात खर्चाचा आकडा वाढत असेल तर तो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते विचारा. असेल तर तिथले आरोग्यमित्र कोणते कागद लागतील ते सांगतात. रेशनकार्ड आणि आधार बाळाबरोबरच्या माणसाकडे द्या.

घरी आलात की आशाताईंना कळवा, त्या ४२ दिवसांपर्यंत येतात. बाळ ३४ आठवड्यांच्या आधी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलं असेल तर चौथ्या आठवड्यात डोळ्यांची तपासणी चुकवू नका. ती तारीख उलटली तर दृष्टी जाऊ शकते. ऐकण्याची तपासणी झाली का, हेही डिस्चार्जच्या वेळी विचारा.

आणि स्वतःचं डिस्चार्ज कार्ड घेताना ऑपरेशनची नोंदही मागून घ्या: सिझर का केलं, गर्भाशयाला छेद कसा दिला, रक्त किती गेलं. पुढच्या खेपेला कुठल्याही डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो, आणि पुढच्या गरोदरपणाआधी निदान दीड-दोन वर्षांचं अंतर ठेवायचं असतं, तोवर आपल्या दमट हवेत कागदाला बुरशी येते. माझे कागद, माझे आणि लेकाचे दोन्ही, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर आहेत. ती वहीसुद्धा त्यातच आहे. पहिल्या पानावर लिहिलंय, "दूध १ मिली, नळीने." शेवटच्या पानावर, "अंगावर, वीस मिनिटं. झोपला."